पंचनाम्याआधी पिकाचा फोटो काढताय? कॅमेरा ॲप बदलून बघा

अतिवृष्टीनंतर तलाठी, कृषी सहायक पंचनाम्याला येईपर्यंत शेतातलं पाणी बऱ्याचदा ओसरलेलं असतं. मग दाखवायला उरतो तो मोबाईलमधला फोटो. तोही अनेकदा असा येतो, की आभाळ पांढरंफक्क आणि पीक काळंकुट्ट.

मोबाईलमधला कॅमेरा उजेड किती घ्यायचा हे बहुतेक वेळा स्वतःच ठरवतो. प्ले स्टोअरवरचं 'ओपन कॅमेरा' हे मोफत, बिनजाहिरातीचं ॲप ते आपल्या हातात देतं.

१. स्क्रीनवर पिकावर बोट टेकवा. तरी पीक काळं दिसलं तर एक्स्पोजर वाढवा.

२. मोबाईलमध्ये चालत असेल तर एचडीआर लावा. कमी-जास्त उजेडाचे ३ फोटो जोडून एक तयार होतो. हात स्थिर ठेवा. वाऱ्यानं पीक हलत असेल तर एचडीआर नको, फोटो पुसट येतो.

३. सेटिंगमध्ये लोकेशन आणि फोटो स्टॅम्प चालू करा. तारीख, वेळ, ठिकाण फोटोवरच उमटतं.

व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो बारीक होतो, म्हणून तो 'डॉक्युमेंट' करून पाठवा. मूळ फोटो डिलीट करू नका.

ॲपमुळे लेन्स बदलत नाही. ती आधी सुती कापडानं पुसा. ई-पीक पाहणीचा फोटो मात्र त्याच ॲपमधून काढायचा. आणि ग्रुपवर आलेल्या लिंकवरून कॅमेऱ्याची एपीके फाइल घेऊ नका. अशा फाइलमधून बँकेचा ओटीपी चोरीला जाऊ शकतो.