कथासाहित्यातील रोगचित्रण

कथा, कादंबरी, चित्रपट व दूरचित्रवाणी मालिका यांत केले जाणारे रोग, इजा आणि तातडीचे वैद्यकीय प्रसंग यांचे चित्रण. ते यथार्थ होण्यास रोगाचे अचूक नाव पुरेसे नसते. लक्षणांचा क्रम, त्यांचा कालावधी, उपचारांच्या मर्यादा व मागे उरणारे परिणाम यांत संगती असावी लागते.

फ्रेंच कादंबरीकार ग्यूस्ताव्ह फ्लोबेअर (१८२१–८०) हा शल्यचिकित्सकाचा मुलगा. मादाम बोव्हारी (१८५७) या कादंबरीत सोमल घेतलेल्या नायिकेचा मृत्यू त्याने क्षणात उरकलेला नाही. तोंडातील शाईसारखी चव, तहान, ओकाऱ्या, अंग गार पडणे व झटके अशा अवस्थांतून तो दाखविला आहे. चार्ल्स डिकिन्झच्या पिकविक पेपर्समधील (१८३६–३७) सतत पेंगणाऱ्या लठ्ठ मुलाचे वर्णन तर इतके हुबेहूब उतरले, की अतिस्थूलता व अपुरे श्वसन यांच्या लक्षणसमूहाला १९५६ मध्ये अमेरिकन वैद्यांनी पिकविकचेच नाव दिले.

याउलट काही चुका रूढ झालेल्या आहेत. डोक्याला मार बसून गेलेली स्मृती दुसऱ्या माराने परत येत नाही. उलट मेंदूची इजा वाढते. हृदयाच्या विद्युत् आलेखाची रेषा सरळ झाल्यावर विजेचा धक्का उपयोगी पडत नाही. तो हृदयाच्या विशिष्ट अनियमित स्पंदनांवरील उपाय आहे. तीन अमेरिकन दूरचित्रवाणी मालिकांच्या १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत हृदय व श्वसन यांच्या पुनरुज्जीवनाचे उपचार झालेल्या रुग्णांपैकी ७५ टक्के तत्काळ वाचल्याचे आढळले. प्रत्यक्षातील प्रमाण याहून पुष्कळच कमी असते. अशा चित्रणावर विसंबणाऱ्या नातेवाइकांच्या अपेक्षा अवास्तव होतात व अपयशाचा दोष वैद्यावर येतो.

प्रथमोपचारांविषयीच्या चुका अधिक घातक असतात. सर्पदंशाची जखम कापून विष तोंडाने ओढून घेणे, अपस्माराच्या झटक्यात जोडा वा कांदा हुंगविणे हे प्रकार निरुपयोगी आहेत. दंश झालेला अवयव हलू न देता रुग्णास प्रतिविषासाठी त्वरित रुग्णालयात नेणे, तसेच झटका आलेल्यास कुशीवर वळवून त्याच्या तोंडात काहीही न घालणे, हेच योग्य होय.

अचूकतेमुळे नाट्य उणावत नाही. श्वास (२००४) या मराठी चित्रपटात दृष्टिपटलाच्या कर्करोगाने पीडित बालकाचे प्राण वाचविण्यासाठी त्याची दृष्टी गमवावी लागणार असते. आयत्या वेळी चमत्कार घडत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी नातवाला जग डोळे भरून पाहू देण्याची आजोबांची धडपड त्यामुळेच हृद्य झाली आहे.