दंतवैद्यांचे गाव

ॲरिझोनातील युमा शहरानजीक, क्वेचान आदिवासींच्या मालकीच्या वाहनतळावर मोटार उभी करून, कॅलिफोर्नियातील अँड्राडेच्या नाक्यावरून पायीच सरहद्द ओलांडली, की लागणाऱ्या लॉस आल्गोदोनेस या मेक्सिकन गावाची वस्ती अवघी काही हजारांची असली, तरी दंतवैद्य मात्र तेथे शेकड्यांनी आहेत. अमेरिकेतील वृद्धांच्या मेडिकेअर योजनेत दातांचे बहुतेक उपचार अंतर्भूत नसल्यामुळे, हिवाळ्यात कॅनडापासून ऊब शोधीत आलेली पिकल्या केसांची मंडळी येथे दाढेवर टोपी बसवून घेतात, चष्म्याचा नंबर काढवितात आणि भिंगे तयार होईतो टाको खात बसतात, तेवढ्यात क्षेत्रीच्या पंड्यांच्या चिकाटीने दलाल "दात? चष्मा? औषधे?" असा पुकारा करीत पाठ पुरवितात, त्यांस खुशाल नकार द्यावा. दात रोपण्यासारख्या मोठ्या कामास मात्र दोन-तीन खेपा गृहीत धराव्यात, आणि ते पुरे होईतो वैद्य बदलू नये, असे माझे मत. परतीच्या वेळी अमेरिकेच्या रहिवाशांच्या सामान्यतः 800 डॉलरांपर्यंतच्या मालास जकात माफ असते, मद्य एक लिटरच. अमेरिकेचा चालू व्हिसा असलेल्या भारतीयास मेक्सिकोचा निराळा व्हिसा लागत नाही. नाका रात्री दहाला बंद होतो, आणि हिवाळ्यात दुपारची रांग फारच लांबते, सकाळीच निघावे.