पोटात जपलेलं कवटीचं हाड

अपघातात डोक्याला जबर मार लागलेल्या रुग्णाच्या नातेवाइकांना न्यूरोसर्जन कधी कधी सांगतात, ‘कवटीचं हाड काढून पोटात ठेवलंय.’ ऐकणारा हबकतो. पण जीव वाचवण्यासाठीच ते केलेलं असतं.

कवटी म्हणजे बंद पेटी. आत मेंदू, रक्त आणि मेंदूभोवतीचं पाणी. यांतलं एक वाढलं की दुसऱ्याची जागा जाते; या विचाराचा पाया एडिंबराच्या अलेक्झांडर मन्रो यांनी १७८३ मध्येच घातला होता. मार लागलेला मेंदू सुजतो, आतला दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटू लागतो. औषधांनी दाब उतरला नाही, तर हाडाचा मोठा तुकडा काढून सुजेला वाट करून देतात. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ४०८ रुग्णांच्या चाचणीत सहा महिन्यांनी औषधोपचाराच्या गटातले ४८.९ टक्के, तर शस्त्रक्रियेच्या गटातले २६.९ टक्के रुग्ण दगावले होते. मात्र वाचलेल्यांत गंभीर अपंगत्व आलेले अनेक होते, हेही कुटुंबाला आधीच कळायला हवं.

काढलेलं हाड डीप फ्रीझरमध्ये ठेवतात, नाहीतर पोटाच्या त्वचेखालच्या चरबीत. पोटातलं हाड रुग्णासोबतच राहतं, त्यामुळे फ्रीझर नसलेल्या रुग्णालयातही ही सोय होते.

सूज ओसरली की काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी हाड परत बसवतात. ही क्रॅनिओप्लास्टी. ती केवळ दिसण्यासाठी नसते. हाडाविना त्या जागेची त्वचा खोल जाते, बाहेरच्या हवेचा दाब थेट मेंदूवर येतो, रक्ताचा आणि पाण्याचा प्रवाह बिघडतो. डोकेदुखी, चक्कर वाढते. सुधारत आलेला हातही पुन्हा लुळा पडू शकतो. हाड बसवल्यावर अशा अनेक रुग्णांत सुधारणा दिसते. मूळ हाड चुरलं किंवा त्यात जंतुसंसर्ग झाला, तर सीटी स्कॅनवरून मापात घडवलेली टायटॅनियमची जाळी, बोन सिमेंट किंवा ‘पीक’ नावाचं प्लास्टिक वापरतात. जंतुसंसर्ग, रक्तस्राव, फिट येणं हे धोके असतातच. परत बसवलेलं हाड कालांतराने झिजूही शकतं.

पुढची लढाई घरात असते. फिजिओथेरपी, बोलण्याचा सराव, विसराळूपणा, अचानक येणारा राग. हा राग स्वभावाचा नसून अनेकदा इजेचा असतो, हे घरच्यांनी ओळखलं तर रुग्णाचं निम्मं ओझं हलकं होतं.

‘आता बरा आहे, पुन्हा कशाला चिरफाड?’ म्हणून दुसरी शस्त्रक्रिया टाळू नका. तोवर डोक्याच्या त्या बाजूला धक्का लागू देऊ नका आणि डॉक्टरांनी दिलेली तारीख चुकवू नका. पहिल्या शस्त्रक्रियेने सुरू झालेला उपचार दुसरीनेच पुढे सरकतो.