चार रुपये पगाराचा गोलंदाज

दलित क्रिकेटपटू पालवणकर बाळूंची कहाणी आपण बहुधा जातिभेदाच्या अंगानेच ऐकलेली असते. मैदानात त्यांचा चेंडू चालायचा, चहा मात्र तंबूबाहेर मातीच्या भांड्यात. हे खरंच आहे, पण त्याच्या भरात एक मुद्दा मागे पडतो. बाळू पोटासाठी खेळत होते. अमेरिकेत 1902 साली हॅरी 'बकी' ल्यू हा कृष्णवर्णीय तरुण मॅसॅच्युसेट्समध्ये मानधनावर बास्केटबॉल खेळू लागला, आणि तिथल्या इतिहासकारांनी पहिल्या कृष्णवर्णीय व्यावसायिक बास्केटबॉलपटूचा मान त्याला दिला. त्याच्याही दहा वर्षं आधी, 1892 मध्ये, बाळू पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले होते. त्याआधी पारशांच्या क्लबात तीन मिळत.

कुणी म्हणेल, ते चार रुपये खेळाचे कुठे, खेळपट्टीवर रोलर फिरवायचे आणि जाळी उभारायचे. पण इंग्लंडातही व्यावसायिक खेळाडू क्लबच्या मैदान-नोकरांत मोडायचा. सरावात हौशी साहेबांना गोलंदाजी करणं हीच त्याची चाकरी. पुण्यात तेच घडलं. बाळू तासन् तास चेंडू टाकत, फलंदाजी साहेबांच्या वाट्याची. क्लबातला इंग्रज फलंदाज कॅप्टन ग्रेग बाद झाला की बाळूंना आठ आणे देई, अशी आख्यायिका आहे. ती खरी धरली तर ग्रेगला आठदा बाद केलं की महिन्याचा पगार सुटे! या गोष्टीत ग्रेगचं औदार्य शोधणं मला पटत नाही; ते बाळूंच्या कसबाचे दाम होते. भारतीय संघाच्या 1911 च्या इंग्लंड दौऱ्यावर बाळूंनी 114 बळी घेतले, ते डावखुरं कसब या चाकरीत मुरलं होतं.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: बाळूंना अडवलं ते जातीने, पगाराने नव्हे. त्यावर पगाराची सबब पुढे करता येईल: इंग्लंडच्या संघालाही विसाव्या शतकातला पहिला व्यावसायिक कर्णधार, लेन हटन, 1952 सालीच मिळाला, तेव्हा पगारी माणसाला कर्णधारपद न देण्याची रीत गोऱ्यांतही होतीच. पण बाळू ज्यातून मुंबईच्या धर्मनिहाय स्पर्धेत खेळत, त्या हिंदू संघाबाबत ही सबब टिकत नाही. 1913 चे कर्णधार एम. डी. पै यांनीच, हा मान ज्येष्ठ म्हणून बाळूंचा होता, असं जाहीरपणे सांगितलं. बाळूंना तो अखेरपर्यंत मिळाला नाही. 1923 मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल कर्णधार झाले. तेव्हा पगाराने बाळूंना घडवलं आणि जातीने रोखलं, असाच निष्कर्ष निघतो. यातली दुसरीच बाजू सांगितली तर बाळू फक्त सोसणारे उरतात, कसबी कामगार दिसत नाहीत.

1937 च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले आणि हरले. एवढ्यावरून त्यांना अवघड पाहुण्यासारखं दाराशी थांबवू नये. बाबासाहेबांनी 1950 मध्ये मिलिंद महाविद्यालय जिथे सुरू केलं, त्या आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या अभ्यासकांनी विठ्ठल पालवणकरांचं 'माझे क्रीडा-जीवन' हाती घ्यावं आणि या घराण्याचा श्रमाच्या अंगाने इतिहास लिहावा.