जुन्या गाडीचा खोकला

वडिलांची 1968 सालची गाडी परवा भर चौकात खोकून बंद पडली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, द्या आता भंगारात!" मी मराठीचा प्राध्यापक, हयात संधी सोडवण्यात गेली, हाती पाना कधी धरला नाही. मिस्त्रींना बोलावले.

त्यांनी कार्बुरेटर उघडून समजावले. हवा त्याच्या अरुंद गळ्यातून वेगाने जाते, तिथे दाब उतरतो आणि जेटमधून पेट्रोल ओढले जाते. वजनाने एक भाग पेट्रोलला सुमारे 14.7 भाग हवा लागते. जेटमध्ये कचरा अडकला, की पेट्रोल अपुरे पडते. फ्लोटची सुई झिजली, की ते ऊतू जाते.

"नवाच बसवायचा का?"

"प्रोफेसरसाहेब, थ्रॉटलचा दांडा भोकात खुळखुळत असता, तर बदला म्हटले असते. ही नुसती घाण आहे."

जेटमध्ये तार घातली तर भोक मोठे होते, म्हणून त्यांनी ते हवेच्या झोताने साफ केले. सुई आणि गॅस्केट तेवढी नवी घातली. गाडी सुरू झाली, आणि चाकावर आधी बसले ते चिरंजीवच!

वाचकहो, म्हाताऱ्याला खोकला झाला, म्हणून त्याला कुणी घराबाहेर काढतो का?