कोयत्याचा हिशोब

दिवाळीच्या सुमारास बारामती-इंदापूरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टर आणि बैलगाड्या दिसू लागतात. त्यांत सारा संसार भरलेला असतो. भांडी, गोधड्या, पोरंबाळं, एखादी शेळी. ही माणसे बीड, अहिल्यानगर अशा जिल्ह्यांतून ऊस तोडायला येतात.

नीरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला. कोरड्या माळाला पाणी मिळाले. पुढे ऊस वाढला. माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर येथे साखर कारखाने उभे राहिले. पण ऊस तोडल्याशिवाय साखर होत नाही.

नवरा-बायको मिळून एक 'कोयता' धरतात. हंगामाआधी मुकादम त्यांना पैसे देतो. त्याला 'उचल' म्हणतात. उचल म्हणजे बक्षीस नव्हे, बरं का! ती आगाऊ मजुरी आहे. ती ऊस तोडून फेडायची असते.

आता हिशोब करू. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ आणि कामगार संघटना यांचा करार झाला. तोडणीची मजुरी ३४ टक्क्यांनी वाढली. टनामागे सुमारे ३६६ रुपये दर ठरला. समजा, एका कोयत्याने एक लाख रुपये उचल घेतली. तो रोज दोन टन ऊस तोडतो. दिवसाचे झाले ७३२ रुपये. म्हणजे उचल फिटायला १३७ दिवस लागतील. साडेचार महिने! त्यात आजारपण आले, खाडा पडला, तर दिवस आणखी वाढतात.

मजूर विचारतो, "मुकादम, आज आमचं वजन किती भरलं?"

मुकादम म्हणतो, "भरलंय बरोबर. तू कशाला काळजी करतोस?"

काळजी करायलाच हवी. समजा, रोज फक्त ५० किलो वजन कमी लिहिले. १३७ दिवसांत जवळजवळ सात टन ऊस बुडाला. म्हणजे अडीच हजार रुपये गेले. म्हणून काट्याची पावती मागा. आकडा स्वतः वाचा. घरच्या वहीत तारीख आणि वजन लिहून ठेवा. उचल किती घेतली, तेही लिहा. कोऱ्या कागदावर सही किंवा अंगठा देऊ नका.

मोळ्या बाईही वाहते. पण पैसे बहुधा पुरुषाच्या हाती पडतात. निम्मा कोयता तिचा आहे. हिशोब तिलाही कळला पाहिजे.

उचल फिटली नाही, तर कोणी माणसाला डांबून ठेवू शकतो काय? नाही. १९७६ च्या कायद्याने वेठबिगारी बंद झाली. कर्जापायी कोणाला जबरदस्तीने राबवणे हा गुन्हा आहे. त्याला तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. असे घडले तर तहसीलदार किंवा जिल्हाधिकारी यांच्याकडे तक्रार करावी.

ऊसतोड कामगारांसाठी गोपीनाथ मुंडे यांच्या नावाचे कल्याण महामंडळ आहे. त्यांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबा वसतिगृह योजना आहे. आईबाप फडावर असताना पोरांची शाळा सुटू नये, हा तिचा हेतू. गाव सोडण्याआधी ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडे जाऊन नाव नोंदवावे आणि ओळखपत्र मागावे.

आणि आपण बागायतदार? फडावरच्या माणसाला प्यायला पाणी द्यावे. त्याने वजन विचारले, तर खरे सांगावे. आपला ऊस त्याच्याच हातांनी कारखान्याला जातो.