इंजिन बदललं? आता रेडिएटरकडे बघा!

छोट्या गाडीत दांडगं इंजिन बसवण्याचा नाद जगभर आहे आणि अमेरिकेत तर त्यावर मोठा धंदा उभा आहे. तिथली एक लाडकी जोडी म्हणजे माझदाची मायाटा ही चिमुकली दोन सीटांची गाडी आणि १९९७च्या शेवरले कॉर्व्हेटमध्ये आलेलं ‘एलएस१’ हे व्ही-८ इंजिन. पहिल्या मायाटाचं इंजिन १.६ लिटरचं, सुमारे ११५ अश्वशक्तीचं. एलएस१ मात्र ५.७ लिटरचं आणि ३४५ अश्वशक्तीचं! ताकद थेट तिप्पट. मग रेडिएटर जुनाच ठेवून कसं चालेल? ही घ्या बोनेटखालची काही भन्नाट माहिती.

पेट्रोल जळतं, बहुतेक उष्णताच होते
जळलेल्या पेट्रोलमधल्या ऊर्जेचा ढोबळमानाने एक तृतीयांश भागच गाडी पळवायला मिळतो. दुसरा तृतीयांश सायलेन्सरमधून जातो आणि उरलेला मुख्यतः इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या गळ्यात पडतो. ताकद तिप्पट झाली की ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर रेडिएटरवरचा भारही त्याच हिशेबाने वाढतो.

मोठं इंजिन हायवेवर तापत नाही
सपाट रस्त्यावर ताशी १०० किलोमीटरने जायला छोट्या गाडीला वीसेक अश्वशक्ती पुरते, इंजिन कुठलंही असो. शिवाय समोरून भरपूर वारा मिळतो. तापमानाचा काटा चढतो तो ट्रॅफिकमध्ये, घाटात आणि रेस ट्रॅकवर. त्यामुळे हायवेवर एक चक्कर मारून ‘गाडी अजिबात गरम होत नाही’ असा निकाल देऊ नका.

८,०७० नळ्यांचा चमत्कार
जुन्या मोटारींना थंड ठेवायला डबेच्या डबे पाणी लागायचं. जर्मन अभियंते विल्हेल्म मायबाख यांनी १९०१च्या ‘मर्सिडीज ३५ एचपी’साठी मधमाश्यांच्या पोळ्यासारख्या जाळीचा रेडिएटर बनवला. त्यात ६ बाय ६ मिलिमीटरच्या तब्बल ८,०७० चौकोनी नळ्या होत्या! हवेला भिडणारं क्षेत्रफळ वाढलं आणि पाणी अवघं ९ लिटर पुरलं. मागे पंखा असल्यामुळे गाडी हळू चालतानाही सोय झाली. आजही रेडिएटर निवडताना पाणी किती मावतं यापेक्षा हवा किती जाळीला भिडते, हेच आधी बघायचं.

जाडीपेक्षा रुंदी भारी
‘जाड कोअर (म्हणजे रेडिएटरची जाळी) टाकू, काम फत्ते!’ हा मोह सगळ्यांना होतो. पण नळ्यांच्या पुढच्या रांगेतून गेलेली हवा तापूनच मागच्या रांगेपर्यंत पोचते आणि जाड जाळी हवेला अडवतेही. म्हणून समोरचं तोंड जितकं रुंद आणि उंच बसेल तितकं बसवावं, जाडी त्यानंतर. मायाटाच्या इवल्याशा नाकात जागेची हीच तर खरी मारामारी!

तांबं हरलं, ॲल्युमिनियम जिंकलं
तांबं ॲल्युमिनियमच्या दीडपटीहून जास्त उष्णता वाहतं. तरीही आज बाजार ॲल्युमिनियमचा आहे. ॲल्युमिनियम हलकं असतंच, पण त्याच्या नळ्या दाबाखाली न फुगता इंचभर रुंद करता येतात आणि नळ्यांमधल्या पातळ पत्र्यांना, म्हणजे फिनांना, त्या भरपूर भिडतात. तांब्या-पितळेच्या नळ्या साधारण अर्ध्या इंचाच्या. त्यांना डाग देताना वापरलेलं शिसं-कथील उष्णतेच्या वाटेत अडथळा आणतं, ते वेगळंच.

झाकण नव्हे, प्रेशर कुकर!
रेडिएटरचं झाकण १५ पीएसआय दाब धरून ठेवत असेल, तर आतलं साधं पाणी १००ऐवजी सुमारे १२१ अंशांना उकळतं. आपल्या स्वयंपाकघरातला कुकर जवळपास याच दाबावर डाळ शिजवतो. निम्मं कूलंट, निम्मं पाणी घातलं तर उकळण्याचा टप्पा १२९ अंशांच्या आसपास जातो. गंमत म्हणजे उष्णता वाहण्यात साधं पाणी कूलंटपेक्षा सरस आहे. कूलंट घालायचं ते उकळी लांबवायला, गंज टाळायला आणि थंड प्रदेशात गोठणं टाळायला. आणि हो, गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. दाब सुटताच सगळं उकळून अंगावर उसळतं.

वाफेची वाट बंद करू नका
एलएस१च्या सिलिंडर हेडवर बारीक नळ्यांची तोंडं असतात. आत अडकलेली हवा आणि वाफ बाहेर काढणं हे त्यांचं काम. इंजिन दुसऱ्या गाडीत बसवताना जोडायला जागा दिसत नाही, म्हणून काही जण ती बुजवून मोकळे होतात. मग हेडमध्ये वाफेचे बुडबुडे साचतात, तिथला धातू भाजतो आणि सेन्सर दुसरीकडे असल्यामुळे काटा मात्र निवांत! या तोंडांची नळी रेडिएटरच्या वरच्या टाकीला किंवा सगळ्यांत उंचावर बसवलेल्या एक्स्पान्शन टाकीला जोडायलाच हवी. कूलंट भरतानाही थंड गाडीचं नाक जॅकवर उचला, हीटर ‘फुल गरम’वर ठेवा आणि वरचा होस पाइप हाताने दाबत राहा. बुडुक बुडुक थांबलं, पातळी खाली जायची थांबली, की हवा निघाली.

थर्मोस्टॅटला हात लावू नका
थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन गरम होईपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप. ‘हा व्हॉल्व काढून टाका, गाडी थंड चालेल,’ हा सल्ला आपल्याकडेही सर्रास मिळतो. पण गरजेपेक्षा थंड इंजिन जास्त झिजतं आणि पेट्रोलही जास्त पितं. काही इंजिनांत हीच झडप उघडताना बायपासची वाट बंद करते. ती काढली की गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला न भेटताच परत फिरतो आणि गाडी उलट जास्त तापते!

पंख्याला श्राउड हवाच
नुसता पंखा जाळीला टेकवला तर त्याच्या वर्तुळापुरतीच हवा ओढली जाते. मागे श्राउड, म्हणजे जाळी आणि पंखा यांना जोडणारं आवरण, बसवलं की तोच पंखा पूर्ण जाळीतून हवा खेचतो. रेडिएटरच्या कडेच्या फटीही फोमच्या पट्टीने बुजवा, कारण हवा नेहमी सोपी वाट धरते.

कंपन्यांनीही केलाय हा उद्योग
१९६४ची सनबीम टायगर म्हणजे चार सिलिंडरच्या अल्पाइन गाडीत फोर्डचं ४.३ लिटरचं व्ही-८. अमेरिकी रेसर कॅरोल शेल्बी यांच्या मदतीने ती साकारली. गच्च भरलेल्या बोनेटमुळे तापण्याची तक्रार तिला कायमची चिकटली. आपल्या ॲम्बॅसडरमध्येही पुढे इसुझूचं १.८ लिटरचं पेट्रोल इंजिन आलं. घरच्या गाडीत असा बदल करायचा तर आधी आरटीओची परवानगी घ्यायची आणि नव्या इंजिनाची नोंद आरसीवर करायची.

तेव्हा खर्चाची यादी करताना इंजिनाच्या लगेच खाली कूलिंगची ओळ लिहा: रेडिएटर, पंखा, श्राउड, झाकण, होस पाइप. अलॉय व्हील, सीटा आणि रंग त्यानंतर. हेड गॅस्केट उडून पुन्हा इंजिन उघडावं लागण्यापेक्षा हे सगळं मिळूनही स्वस्तच पडतं.